प्रायश्चित्त कोणी घ्यावयाचे?

रायपूरचा सदर बाजार हा सराफांचा बाजार म्हणून छत्तीसगडात सर्वत्र ओळखला जातो. जेथे सराफी पेढी असते तेथे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या कानी पडत आले आहेत. एक 'तारण' आणि दुसरा 'सोडवणूक'. लग्नकार्य निघाले, पेरणीला पैसा कमी पडला, घरातले कोणी आजारी पडले की पाटल्या तारण ठेवावयाच्या आणि हाती पैसा आला की त्या सोडवून आणावयाच्या. तारण पडलेला दागिना मोठ्या विचित्र अवस्थेत असतो. तो असतो आपलाच, परंतु आपल्या स्वाधीन नसतो. त्याला स्वतःला पेढीवरून उठून घरी येता येत नाही. कोणी तरी दाम मोजावा लागतो, आणि पुष्कळदा तो दाम मोजणारा गहाण ठेवणाऱ्याचा भाऊ असतो किंवा मामा असतो.

श्रोतेहो, मराठी ख्रिस्ती मंडळींनी आपल्या धर्मातील सर्वांत मोठ्या कल्पनेला नाव दिले ते 'तारण' हेच. संस्कृत 'तृ' धातूवरून आलेला हा शब्द, तरून जाणे हा त्याचा मूळ अर्थ. पण मराठी कानाला पेढीवरचे तारणही त्यात ऐकू येते आणि ते मुळीच अप्रस्तुत नाही. प्राचीन इब्री लोकांच्या कायद्यात असा नियम होता, की एखाद्याची जमीन दारिद्र्यामुळे परक्याकडे गेली, किंवा तो स्वतःच कर्जापोटी दास झाला, तर त्याच्या जवळच्या नातलगाने दाम भरून त्याला सोडवावे. अशा सोडविणाऱ्या आप्ताला त्यांच्या भाषेत 'गोएल' म्हणत. माणूस पापात गहाण पडला आहे आणि देवच त्याचा गोएल झाला आहे, हे ख्रिस्ती प्रायश्चित्तविचाराचे मूळ सूत्र होय.

त्याच सदर बाजारात जैन मंदिर आहे. पर्युषणाच्या अखेरीस, संवत्सरीच्या दिवशी, श्वेतांबर जैन माणूस वर्षभरात घडलेल्या दोषांबद्दल 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून सर्वांची क्षमा मागतो. क्षमा मागावयाची ती सर्व जीवांची. पण बांधलेले कर्म झडून जावयाचे ते स्वतःच्या तपाने, स्वतःच्या संयमाने. त्यालाच निर्जरा म्हणतात. माझे कर्म दुसरा कोणी फेडू शकेल, ही गोष्ट जैन दर्शनाला मान्य होण्यासारखी नाही. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन विचार उभे आहेत. पेढी म्हणते, दाम कोणीही भरावा, दागिना सुटतो. मंदिर म्हणते, ज्याचे त्याने फेडावे. पापाच्या बाबतीत यांपैकी कोणता न्याय लागू होतो, हाच आपला आजचा प्रश्न आहे.

आपल्या धर्मशास्त्राचे उत्तर बव्हंशी दुसऱ्या बाजूचे आहे. 'प्राय' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय, अशी प्रायश्चित्त या शब्दाची फोड जुने शास्त्रकार करतात. याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाला याच विषयाचे नाव आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाचा किती खोल धांडोळा घेतला आहे, हे जिज्ञासूंना ठाऊक आहेच. कृच्छ्र, चांद्रायण, तीर्थयात्रा, दान, जप असे त्याचे नाना प्रकार. परंतु त्यांत एक गोष्ट समान असते: ज्याच्या हातून दोष घडला त्यानेच ते आचरावयाचे. आणि प्रायश्चित्त झाले की मग समाज त्याला पुन्हा पंक्तीला घेतो. आधी शुद्धी, नंतर पंगत, असा हा क्रम आहे.

हा क्रम महाराष्ट्रात एकदा फार गाजला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. शहरातील अनेक प्रतिष्ठित गृहस्थ तेथे जमले होते. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी हातात धरून खाली ठेवली. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून प्रसिद्ध केली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्यांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, तर न्यायमूर्तींनी १८९२ मध्ये ते घेतले आणि त्यांच्या सुधारक स्नेह्यांनाच त्याचे फार वाईट वाटले. चहाच्या एका पेल्यासाठी केवढा हा खटाटोप, असे आज आपण हसून म्हणतो. पण त्या हसण्यात एक गोष्ट नजरेआड होते. पंक्तीतून उठवले जाणे ही केवढी शिक्षा असते, हे त्या पिढीला नीट कळत होते. पापाचा खरा परिणाम म्हणजे दंड नव्हे, तर तुटणे होय, आणि हे जाणणाऱ्या माणसाला ख्रिस्ती विचार समजावयास कठीण जाऊ नये. इंग्रजीत या कल्पनेला 'ॲटोनमेंट' म्हणतात. त्या शब्दाची फोडही 'एक होणे' अशीच आहे.

आता थोडे मागे, यरुशलेमच्या मंदिराकडे वळू. इब्री धर्मात पापार्पणाचा विधी होता. अपराधी माणूस निर्दोष पशू आणी, त्याच्या मस्तकावर हात ठेवी आणि मग तो पशू वधला जाई. रक्त म्हणजे जीव, आणि जीव हा देवाच्या मालकीचा, म्हणून ते वेदीवर अर्पावयाचे अशी त्यांची धारणा होती. वर्षातून एक दिवस, प्रायश्चित्ताच्या दिवशी, दोन बोकड आणीत. एक परमेश्वराला अर्पण होई. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून प्रमुख याजक साऱ्या लोकांची पापे उच्चारी आणि मग तो बोकड रानात सोडून दिला जाई. लेवीय या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात हे वर्णन आहे.

हा विधी ऐकून कोणाला तो परका वाटेल, पण मराठी घराला तो तितकासा परका नाही. तिन्हीसांजेला मूल किरकिरू लागले की आजी मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरते आणि चुलीत टाकते. लिंबू उतरून तिठ्यावर टाकतात. जिवावरचे संकट दुसऱ्या वस्तूवर जाते आणि ती वस्तू आपण दूर करतो, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. 'जीव ओवाळून टाकणे' हा आपला वाक्प्रचार याच समजुतीतून आला. हुमायून आजारी असता बाबराने त्याच्या शय्येभोवती प्रदक्षिणा घालून आपला प्राण देऊ केला, ही आख्यायिका ऐकताना आपल्याला कोणी टीप द्यावी लागत नाही.

आणि हा प्रायश्चित्ताचा दिवस मराठी मातीत पाळलाही गेला आहे. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची मातृभाषा मराठी. तेलाच्या घाण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. हा दिवस ते 'दारफाळणीचा सण' म्हणून पाळीत. दारे लावून घ्यावयाची, शुभ्र वस्त्रे नेसावयाची आणि दिवसभर कडक उपवास करावयाचा. त्यांच्या सणात बोकड नव्हता. ज्या मंदिरात बोकड वधला जाई ते मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने उद्ध्वस्त केले. तेव्हापासून यहुदी धर्माने यज्ञाच्या जागी पश्चात्ताप, प्रार्थना आणि दानधर्म यांना बसवले. हा एक मार्ग झाला. त्याच मुळातून निघालेल्या ख्रिस्ती धर्माने दुसरा मार्ग धरला.

तो मार्ग समजण्यासाठी संदेष्ट्यांना विसरून चालणार नाही. आमोस, होशेय, मीखा, यशया या संदेष्ट्यांनी पशुयज्ञावर जे कोरडे ओढले ते ऐकून आपल्या संतांची आठवण व्हावी. गरिबाला लुबाडावयाचे आणि वेदीवर पुष्ट गोऱ्हे चढवावयाचे, हे देवाला नको आहे, असे ते बजावून सांगतात. यशयाच्या ग्रंथाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात तर एक निराळेच चित्र येते. येथे पशू नाही, माणूस आहे. लोकांनी तुच्छ लेखलेला, दुःखाने पिळून गेलेला असा परमेश्वराचा सेवक इतरांच्या अपराधांचे ओझे आपल्या अंगावर घेतो आणि तोंडातून अक्षर काढीत नाही. येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर त्याच्या शिष्यांना त्या मृत्यूचा अर्थ लागेना. तो त्यांना या अध्यायात गवसला.

ख्रिस्ती विचारातील महत्त्वाचे वळण येथे आहे. जगातील बहुतेक यज्ञांत माणूस देतो आणि देव घेतो. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे वधस्तंभावर देव देतो आणि माणूस घेतो. तेथे रागावलेला देव एका बाजूला आणि त्याची समजूत काढणारा येशू दुसऱ्या बाजूला, असे दृश्य नाही. पुष्कळ प्रवचनकार तसे दृश्य रंगवतात खरे, पण ते त्रैक्याच्या सिद्धान्ताला धरून नाही. दुखावलेलाच स्वतः दाम मोजतो, असे हे आहे. इब्री लोकांस पत्र या ग्रंथाचा लेखक म्हणतो, की मंदिरातले याजक वर्षानुवर्षे तोच यज्ञ करीत राहिले, यावरूनच तो अपुरा होता हे दिसते. येथे याजक आणि बली एकच आहेत आणि अर्पण एकदाच, कायमचे झाले. आपल्याकडे दधीचीने आपल्या अस्थी दिल्या, शिबीने मांस दिले. त्यांच्याशी या कथेचे साम्य आहे. पण पौल एक भेद दाखवतो. चांगल्या माणसासाठी कोणी कदाचित मरेलही. येथे मरण पत्करले आहे ते विरोधकांसाठी.

हे घडले कसे, याचा उलगडा करताना मात्र ख्रिस्ती पंडितांत एकमत झाले नाही. आणि ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते, की येशू कोण होता याविषयी जुन्या धर्मपरिषदांनी काटेकोर व्याख्या केल्या, पण त्याच्या मरणाने तारण नेमके कसे साधते याची व्याख्या त्यांनी केली नाही. शुभवर्तमानात येशू आपला जीव पुष्कळांसाठी 'खंडणी' म्हणून देण्याची भाषा करतो. मराठी बायबलातला हा शब्द रायपूरकरांना ऐकून माहीत असावा. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात छत्तीसगड प्रथम खंडणीखालीच आणले. पण खंडणी म्हटली की ती वसूल करणारा कोण, हा प्रश्न येतो. सैतान, असे काही प्राचीन आचार्यांचे उत्तर होते. चौथ्या शतकातील नीसा येथील ग्रेगरीने तर गळाला आमिष लावून मासा पकडावा तसा सैतान फसला, असा दृष्टान्त दिला. त्याच काळातील नाझियान्झसच्या ग्रेगरीला मात्र चोराला खंडणी पोचती करण्याची कल्पनाच किळसवाणी वाटली. अकराव्या शतकाच्या अखेरीस, १०९८ मध्ये, अन्सेल्मने आपला ग्रंथ पुरा केला. त्यात सैतानाला हिशोबातून काढून टाकले. पापाने देवाचा मान भंगला, त्याची भरपाई माणसाने करावयाची, पण ती त्याच्या आवाक्याबाहेरची, म्हणून देव माणूस झाला, असा त्याचा युक्तिवाद. सरंजामी युगातील माणूस बोलतो आहे हे लगेच कळते. पुढे आबेलार्डने भर दिला तो प्रेमावर: ते मरण पाहून पाषाणहृदयी माणूसही विरघळतो, हेच तारण. सोळाव्या शतकातील सुधारकांनी, विशेषतः कॅल्व्हिनने, न्यायालयाची भाषा आणली. दंड आपल्याला व्हावयाचा होता, तो त्याने सोसला.

हे सारे दृष्टान्त आहेत. दृष्टान्त ताणला की तुटतो. न्यायालयाचा दृष्टान्त तर सर्वांत लवकर तुटतो, असे मला वाटते, कारण निरपराध्याला फाशी देऊन अपराध्याला सोडणाऱ्या न्यायाधीशाला आपण न्यायी म्हणणार नाही. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या हिंदू आणि जैन विचारवंतांचा आक्षेप हाच आहे आणि तो हलका नाही. पण अपराधाकडे न्यायाधीशाच्या आसनावरून न पाहता घरातून पाहिले, की चित्र बदलते. मुलाने कर्ज करून घर बुडवले. बापाने त्याला क्षमा केली. म्हणजे कर्ज नाहीसे झाले काय? ते बापाने स्वतःच्या अंगावर घेतले. क्षमेची किंमत नेहमी क्षमा करणाराच भरतो. वधस्तंभ ही त्या किमतीची पावती आहे, असे समजले तर बराचसा घोटाळा दूर होतो.

या विचाराशी मराठी माणसाची गाठ कशी पडली, हे पाहण्यासारखे आहे. पंडिता रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रा, व्रते आणि उपासतापास यांत गेले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईबाप गेले. प्रायश्चित्ताची सारी साधने त्यांनी पायी चालून पाहिलेली होती. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचा आपल्या मनावर परिणाम झाल्याचे त्यांनी सांगितले आहेच. पण इंग्लंडमध्ये फुलम येथील एका आश्रमाने त्यांना अधिक हलवले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे भगिनी मायेने वागवीत होत्या. असे का, म्हणून विचारता त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. त्या स्त्रीला येशूने आधी पाणी मागितले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडावयास आणखी काही वर्षे लागली, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या निवेदनात प्रांजळपणे नोंदले आहे. पापक्षमेची खात्री ही त्यांना नंतर आलेली गोष्ट होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गाठ तर या छत्तीसगडाच्या वाटेवरच पडली. १८९३ मध्ये ते नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. रायपूरच्या पश्चिमेस आगगाडीने फार दूर नाही ते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणे वाढले. त्यांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे मन जिंकले ते डोंगरावरील प्रवचनाने, प्रायश्चित्ताच्या सिद्धान्ताने नव्हे. परंतु त्याची किंमत लक्ष्मीबाईंना भरावी लागली. पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. ताटाला ताट लावून बसता येईना, पाण्याचा प्रश्न, विटाळाचा प्रश्न. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे सांगावयास नको. पंक्तीचा प्रश्न येथेही सुटला नव्हता.

चर्चच्या आतही तो सहजी सुटला नाही, हे सांगितलेच पाहिजे. दक्षिणेतील चर्चमधून जातीजातींच्या बसण्याच्या जागा निराळ्या असत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी हे भेद सोडा असे पत्रक काढले, तेव्हा कितीकांनी चर्च सोडले, भेद सोडले नाहीत. ज्या भोजनात येशूच्या देहाचे आणि रक्ताचे स्मरण करावयाचे त्या भोजनालाच पंक्तिभेद चिकटला. या भोजनाविषयी ख्रिस्ती पंथांत आणखीही एक मतभेद आहे. वसईचा कॅथलिक मराठी माणूस ज्याला मिस्सा म्हणतो त्यात ख्रिस्ताचा तोच एक यज्ञ रक्तावाचून पुन्हा प्रत्यक्ष होतो, असे त्याची चर्च मानते. ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मध्ये तसे ठरवून टाकले. नगर-कोकणातला प्रॉटेस्टंट त्याला प्रभुभोजन म्हणतो, आणि यज्ञ एकदाच झाला, येथे त्याचे स्मरण व भागीदारी आहे, असे मानतो.

मग दुसऱ्याने भरून टाकले म्हणजे आपण मोकळे, असे समजून माणूस निर्ढावणार नाही काय? निर्ढावतो. डिट्रिख बोन्हॉफर या जर्मन धर्मोपदेशकाने १९३७ मध्ये याला 'स्वस्त कृपा' असे नाव देऊन आपल्याच चर्चला फटकारले. हिटलरच्या राजवटीने १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिली. कॅथलिक पापनिवेदनातही क्षमेबरोबर प्रायश्चित्त सांगितले जाते, आणि चोरलेले परत केल्यावाचून चोराचा पश्चात्ताप खरा धरला जात नाही. स्वतः येशूचे सांगणे असे, की वेदीपाशी अर्पण आणले असता भावाचे आपल्याशी वाकडे आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी भावाशी समेट करावा आणि मग अर्पण करावे. देवाची क्षमा मिळाली म्हणून ज्याला आपण लुबाडले त्याचे देणे चुकत नाही. यहुदी गुरूंचेही प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल हेच म्हणणे आहे.

मग फरक उरतो तो क्रमाचा. लूकच्या शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट आहे. यरीहो गावचा हा जकातदार. रोमन सरकारसाठी वसुली करता करता त्याने स्वतःचे घर भरलेले, म्हणून गावाने त्याला ओवाळून टाकल्यासारखाच केला होता. येशूला पाहण्यासाठी हा बुटका माणूस झाडावर चढून बसला. येशू झाडाखाली थांबला आणि आज आपण तुझ्या घरी उतरणार, असे त्याला म्हणाला. जक्कयाने तोवर काहीच केले नव्हते, उपास नाही, दान नाही, कबुलीही नाही. गाव कुरकुरू लागले, की पाप्याच्या घरी हा पाहुणा गेला. तेव्हा जक्कय उठून उभा राहिला आणि म्हणाला, की आपली अर्धी मालमत्ता तो गरिबांना देतो, आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करतो.